पातूरच्या घाटातले एक्केचाळीस दगड

अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णेच्या काठाला लागून माळ्यांची वस्ती होती. तिथल्या जानरावाकडे एक बंडी होती आणि बंडीला दोन बैल, लाखा आणि भुऱ्या. बैल आजारी नव्हते, लंगडे नव्हते, म्हातारेही नव्हते. त्यांना फक्त घाई नव्हती.

अठराशे चौसष्ट साली वऱ्हाडात घाई नसलेला जीव सापडणं कठीण होतं. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि इथल्या कापसाला असा भाव आला होता की लोक उश्या उसवून आतला कापूस विकायला काढत होते. ज्याच्याकडे दोन चाकं होती तो खामगावच्या नाहीतर अमरावतीच्या बाजाराकडे पळत होता. बैलांच्या शिंगांवर पितळेच्या शेंब्या चढल्या होत्या आणि धुरकरी, म्हणजे बंडी हाकणारे, सावकारासारखे पान खाऊन थुंकू लागले होते.

जानरावाला मात्र कोणी बोलावत नव्हतं. तो बाजारात जाऊन दलालांपुढे उभा राही. दलाल आधी त्याच्याकडे बघत, मग बैलांकडे, आणि हसत.

"जानराव, तुह्या बैलाईनं माल नेला तं पोचेपर्यंत तिकडची लढाई संपून जाईन," एकानं त्याला तोंडावर सांगितलं.

तेव्हा जानराव बायकोच्या मळ्यातली वांगी आणि मेथी वाहत होता. मळा मनकर्णाबाईच्या माहेरचा. वांगी तिची, मेहनत तिची, बाजारात भावासाठी भांडायची ती. जानरावाचं काम फक्त हाकणं. आपण भाजी वाहतो याची त्याला लाज वाटे. सारं जग कापूस वाहत असताना माणसानं वांगी वाहावी, हे त्याला बरं दिसत नव्हतं.

त्या वर्षी माघात एक इंग्रज साहेब त्याच्या दारात आला. हा रस्ते-पुलांच्या कामावरचा साहेब. त्याचं खरं नाव कोणाच्या जिभेवर बसत नव्हतं, आणि तो जिथं जाई तिथं वाकून दगड उचलत असे, म्हणून लोक त्याला गोटेसाहेब म्हणत. पुण्याच्या एका शास्त्र्याकडे तो मराठी शिकला होता. त्यामुळे तो पोथीसारखा बोले, आणि माळ्यालाही 'आपण' म्हणे.

"आपली गाडी मला लोणारपर्यंत हवी आहे," तो म्हणाला. "दुसरी कोठेही मिळत नाही."

"माल काय आणाचा, सायेब?"

"दगड."

मनकर्णाबाई दारातूनच म्हणाली, "दगडासाठी लोणारले जाता? थे पाहा, नदीत पडले हायेत."

साहेबानं मान हलवली आणि शांतपणे समजावून सांगितलं. हे सगळं वऱ्हाड, ही काळी माती, हे ताटासारख्या सपाट माथ्यांचे डोंगर, सारं कधीकाळी तापून पातळ झालेल्या दगडाचा रस होतं. तो रस पृथ्वीच्या पोटातून वर आला आणि पसरत थंड झाला. आता एवढा रस आला म्हणजे त्याला बाहेर पडायला तोंड हवं. ते तोंड लोणारला आहे, अशी त्याची खात्री होती. तिथले दगड आणि इकडचे दगड जुळवून दाखवले की काम झालं.

जानरावाला यातलं एवढंच कळलं की दलालांपेक्षा हा माणूस बरा, बैलांकडे बघून हसला नाही. तो निघाला.

पातूरचा घाट चढताना साहेब घोड्यावरून उतरला. रस्त्यासाठी डोंगर कापला होता तिथं त्यानं काठीनं दाखवायला सुरुवात केली. तळाला घट्ट काळा दगड. त्यावर भोकाभोकांचा, मांजऱ्या दगड, भोकांमध्ये पांढरे खडे भरलेले. त्यावर हातभर जाडीचा लाल मातीचा पट्टा, भाजलेल्या विटेसारखा. आणि त्यावर पुन्हा काळा दगड.

"एक लोट आला, थंड झाला. त्याचा वरचा भाग हवेनं कुजून माती झाली. मग दुसरा लोट आला आणि त्यानं ती माती भाजली. असे किती लोट आले असतील, कोण सांगणार?"

जानरावानं बराच वेळ बघितलं. "मंजे भाकरीवर भाकरी," तो म्हणाला. "मधातली थोडी करपली."

साहेब इतका खूश झाला की त्यानं ते वहीत लिहून घेतलं. जानराव या घाटातून लहानपणापासून शंभरदा गेला असेल. पण डोंगराला थर असतात हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि मग त्याला दुसरं काही दिसेना. पुढच्या मुक्कामापर्यंत प्रत्येक ओढ्याच्या काठाला तो मान वाकडी करून बघत राहिला. बैलांना ते सोयीचंच पडलं.

लोणारला ते पाचव्या दिवशी पोचले. गाव ओलांडून काठावर गेले आणि जानरावाच्या पायाखालची जमीन एकदम संपली. खाली एवढा मोठा गोल खड्डा, की पलीकडच्या काठावरची माणसं मुंगीएवढी दिसावीत. उभ्या कडा, कडांना तसेच थर, खाली झाडी, आणि मधोमध हिरवट, जाडसर पाण्याचं तळं. पाणी असं खारं की काठावर पांढरे पापुद्रे जमलेले, आणि लोक तो खार खरवडून विकायला नेत. पण काठाच्या वरच्या अंगाला एक झरा होता, त्याचं पाणी मात्र गोड.

साहेब काठावर उभा राहून म्हणाला, "येथे पर्वत होता. त्याच्या पोटातला रस बाहेर पडून गेला, पोट रिकामे झाले, आणि माथा आत कोसळला. असे अग्निपर्वत मी पुस्तकांत चित्रांतून पाहिले आहेत."

जानरावानं काठ नीट बघितला. घाटातले थर ताटासारखे आडवे होते. इथले काठाजवळ वर उचललेले होते आणि बाहेरच्या बाजूला कललेले.

"सायेब, छत आत पडलं असतं तं कडा आत कलल्या असत्या. ह्या बाहेर कलल्या हायेत. चिखलात धोंडा आपटला तं अशा होते."

"मग आपले मत काय?"

उन्हाचा कडाका होता, जानरावाला भूक लागली होती. "पडलं असन कायी वरून," तो म्हणाला. "आता जेवाले बसू का?"

हे मात्र साहेबानं लिहून घेतलं नाही.

तीन दिवस साहेब काठावरून, कड्यातून, तळ्याच्या बाजूनं दगड गोळा करत होता. एकेक दगड फडक्यात बांधला, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर आकडा आणि बारीक अक्षरात काहीबाही. असे एक्केचाळीस झाले. त्यातले पस्तीस काळे, जानरावाच्या मते कुठल्याही शेतात मिळाले असते असे. सहा मात्र वेगळे होते. हलके, फुगीर, काचेसारखे चमकणारे, जणू दगड कढईत वितळवून कोणी हिसडला होता. साहेब ते सहा पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघे.

परतताना मेडशीच्या मुक्कामी साहेबाला निरोप आला. कापसाच्या बंड्यांच्या भारानं अकोल्याजवळची एक मोरी खचली होती, त्याला तातडीनं पुढं जायला हवं होतं. निघताना त्यानं जानरावाचा हात हातात घेतला. आजवर कोणत्याही साहेबानं तसं केलं नव्हतं.

"हे दगड मला सोन्याहून मोलाचे आहेत. आपणांवर माझा पूर्ण विश्वास आहे."

जानराव म्हणाला, "बेफिकीर राहा, सायेब." आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या माथ्यावर एक कापसाची बंडी कणा मोडून आडवी पडलेली दिसली. बाजूला अकोल्यातल्या एका पेढीचा मुनीम ओमप्रकाश डोकं धरून बसला होता. त्यानं जानरावाकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी व्यापारी त्या बैलांकडे पाहून हसला नाही.

"भाऊ, गाडी खाली हाये का?"

"नाई. दगड हायेत."

"कशाचे दगड?"

जानराव सांगायला गेला आणि त्याचं त्यालाच ते ऐकवेना. पृथ्वीच्या पोटातला रस वगैरे मुनीमापुढे बोलायची गोष्ट नव्हती. "सायबाचे हायेत," तो एवढंच म्हणाला.

"दगड कोण चोरून नेते? ठेवा झाडाखाली, मंग या घ्याले. हा माल आज निघाला नाई तं शेठजी मले खाऊन टाकतीन. जे मागान ते भाडं."

भाड्याचं जानरावाला फार नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे आला तो अकोल्याचा बाजार, आणि त्यातून जाणारी त्याची कापसानं भरलेली बंडी. त्यानं एक्केचाळीस दगड उतरवले, पळसाच्या झाडाखाली नीट रचून ठेवले. चिठ्ठ्या मात्र काढून पागोट्यात खोवल्या. कागदावर अक्षर असतं, ते उघड्यावर टाकू नये असं त्याला वाटलं. फडकीही घेतली, कारण ती धुऊन कामाला येतात.

बाजारात तो शिरला तेव्हा दलाल खरोखरच बघत होते. एकानं तर हाक मारली, "वा रे जानराव!" तेवढ्यासाठी तो घाट पुन्हा चढून आला असता. पण घरी आला तर मनकर्णाबाईनं सांगितलं की साहेबाचा शिपाई येऊन गेला, परवा सकाळी साहेब दगड बघायला येतो आहे.

लाखा आणि भुऱ्याला घेऊन घाटात जाऊन परतायला तीन दिवस लागले असते.

"सांगून द्या त्याले," मनकर्णाबाई म्हणाली. "म्हना, ठेवले हायेत, आनतो."

"त्यानं माह्या हातात हात देल्ला होता, मनकर्णा."

"मंग तं सांगाच."

पण जानराव नदीत उतरला. दिवसभर मोर्णेच्या पात्रात तो दगड निवडत होता. फसवायचं म्हणून वाटेल ते उचललं, असं त्यानं केलं नाही. प्रत्येक मूळ दगड आठवून, त्याच्याशी जुळणारा शोधून, त्याच आकाराचा त्यानं घेतला. एक पसंत पडला नाही म्हणून परत नदीत टाकला. एवढ्या कष्टात खरे दगड आणून झाले असते. पस्तीस झाले आणि सहावर गाडं अडलं. काचेसारखे दगड मोर्णेत नव्हते. तो काठावर डोक्याला हात लावून बसला तेव्हा मनकर्णाबाई आली, पदरात काहीतरी घेऊन. कुंभाराच्या आव्यापाशी जास्त जळून वितळलेल्या विटांचा ढीग असतो, त्यातले सहा खंगर तिनं उचलून आणले होते.

"मले हे पटलं नाई," ती म्हणाली. "पण तुमी सापडले तं माहीच अब्रू जाईन."

सकाळी साहेब आला, भिंग लावून एकेक दगड बघू लागला. जानरावाला वाचता येत नसल्यामुळे कोणत्या दगडाला कोणती चिठ्ठी, हे त्यानं अंदाजानंच ठरवून बांधलं होतं. साहेब जसजसा बघत गेला तसतसा त्याचा चेहरा उजळत गेला.

"अद्भुत! लोणारचा दगड आणि येथील दगड यांत तिळमात्र भेद नाही!"

"नसनच, सायेब," जानराव म्हणाला.

मग साहेबानं खंगर हातात घेतला. उन्हात धरून फिरवून बघितला आणि उभ्याउभ्याच वही उघडली.

पुढची पावणेदोन वर्षं जानरावानं त्याला पाहिलं नाही. अठराशे पासष्टच्या उन्हाळ्यात अमेरिकेतली लढाई संपली आणि कापूस असा आपटला की बाजारात भरलेल्या बंड्या उभ्या आणि विकत घ्यायला कोणी नाही, अशी गत झाली. शिंगांवरच्या शेंब्या उतरल्या. पेढ्यांना कुलपं लागली. वांग्यांना मात्र गिऱ्हाईक होतं, लोकांना काहीतरी खावं लागतंच. मनकर्णाबाईचा मळा चालू राहिला, आणि ती हे नवऱ्याला रोज सांगत असे.

त्याच हिवाळ्यात साहेब मळ्यात आला. हातात छापील चोपडं होतं. कलकत्त्याच्या कुठल्याशा विद्वानांच्या सभेत त्याचा निबंध वाचला गेला होता. सगळ्या वऱ्हाडचा दगड लोणारच्या मुखातून वाहत आला, हे त्यानं दगडांवरून सिद्ध केलं होतं. त्याला मानपत्र मिळालं होतं. शेवटच्या पानावरच्या एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं.

"हे आपले नाव आहे. मी लिहिले आहे की प्रामाणिक गाडीवान जानराव याच्यावाचून हे कार्य झाले नसते."

जानरावानं ते नाव बघितलं. वाचता येत नव्हतं तरी बघितलं. मग वांग्याच्या वाफ्याच्या कडेला बसला.

"सायेब, थे दगड लोणारचे नाईत."

"म्हणजे?"

"मोर्णेतले हायेत. आन तुमी ज्याले काच म्हंता, थे कुंभाराचे खंगर."

साहेब ओरडला नाही. तोही वाफ्याच्या कडेला बसला. त्यानं विचारलं, "क्रमांक सत्तावीस?"

"आकडा मले समजत नाई. कसा होता?"

"पांढऱ्या ठिपक्यांचा. मोठा."

"थो आमच्या धुन्याच्या दगडापासचा."

साहेबानं चोपडं बंद केलं. "खरे दगड कोठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी दोघं पातूरकडे निघाले. साहेब घोड्यावर पुढं जाऊ शकला असता, पण तो बंडीच्या सोबतच चालला. घाटाच्या माथ्यावर पळस होता, त्याच्याखाली काही नव्हतं. रस्त्याच्या कडेला काही बायका गिट्टी फोडत बसल्या होत्या. जानरावानं त्यांच्यातल्या वयस्कर तानुबाईला विचारलं, इथं दगडांचा ढीग होता, त्याचं काय झालं.

"होता नं बापा. साजरा रचून ठेवला होता. आमाले वाटलं सरकारनंच आनून ठेवला. सारा फोडून रस्त्यात टाकला. मुकादम म्हने, सायबाचा हुकूम हाये, पान्याच्या पयले घाटात गिट्टी पडली पायजे."

"कोणत्या साहेबाचा?" साहेबानं विचारलं.

तानुबाईनं हातोडीनं त्याच्याकडेच दाखवलं. "तुमचाच."

मग तिला आठवलं. "सा दगड बेकार निंगाले. हलके, काचेवानी. माहा हात कापला. थे फेकून देल्ले तिकडं," आणि तिनं रस्त्यापलीकडची दरी दाखवली. दरी फार खोल नव्हती. खाली करवंदीच्या जाळ्या होत्या.

जानरावानं धोतर खोचलं. "उतरतो, सायेब. घटकाभरात आनतो."

साहेब दरीच्या कडेला जाऊन उभा राहिला. बराच वेळ खाली बघत होता. ते सहा दगड वर आले असते तर निबंधातल्या खंगरांशी ते जुळत नाहीत हे भिंगाशिवाय दिसलं असतं, आणि मग सगळं पुन्हा मांडावं लागलं असतं. जानराव त्याच्या तोंडाकडे बघत होता. घाम जानरावाला यायला हवा होता, आला होता साहेबाला.

"नको," साहेब शेवटी म्हणाला. "दगड तर सारखेच आहेत."

"पस्तीस सारखे हायेत. सा नाईत."

"जानराव, हे आपण कोणास सांगितले आहे?"

"बायकोले."

"आणखी कोणास सांगू नका."

लोणारचा खड्डा अग्निपर्वताचा नाही, आकाशातून पडलेल्या उल्केनं झाला, हे पुढं शंभरेक वर्षांनी विद्वानांनी नक्की केलं. वऱ्हाडचा काळा दगड जमिनीला गेलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला, असंही ते सांगतात. त्यांनी जे पुरावे बघितले त्यांत काचेसारखे हलके दगडही होते. पण ते त्यांनी लोणारहून आणले, पातूरच्या दरीतून नव्हे.

साहेबाची पुढच्या पावसाळ्याआधी मद्रासकडे बदली झाली. मोठ्या हुद्द्यावर गेला, असं म्हणतात. जाताना तो जानरावासाठी एक पत्र लिहून गेला, की दगड वाहण्याच्या कामी या माणसाइतका भरवशाचा माणूस वऱ्हाडात नाही. जानरावानं ते पत्र कोणाला दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. मनकर्णाबाईनं ते नेऊन नव्या साहेबाच्या कचेरीत दिलं. पुलांना आणि रस्त्याला दगड लागत होताच. वर्षभरात जानरावाच्या हाताखाली अकरा बंड्या होत्या, आणि त्यांचे धुरकरी कालपर्यंत पितळी शेंब्यांचे बैल पळवणारे होते.

गप्प राहायचं वचन जानरावानं काही पाळलं नाही. तो भेटेल त्याला सगळी हकीकत सांगे, स्वतःची लबाडी धरून. लोक ऐकत आणि म्हणत, दगडाच्या जागी दगड ठेवला, त्यात काय झालं? त्याला ओझं उतरवायचं होतं, ते कोणी घेईना. शेवटी त्यानं सांगणं सोडलं आणि खोटं बोलणंही सोडलं. त्याचा परिणाम वेगळाच झाला.

दगडांतलं कळतं म्हणून लोक त्याला विहिरीची जागा विचारायला येऊ लागले. तो शेतभर हिंडे, ओढ्याची कड उकरून थर बघे, आणि म्हणे, "लागन असं वाटते. पण मले पक्कं मालूम नाई." हे ऐकून लोक मान हलवत आणि बाळापूरच्या पानाड्याकडे जात. पानाड्या हातात नारळ घेऊन चाले, एका जागी पाय आपटे आणि सांगे, सात हातांवर पाणी. त्याला सगळं पक्कं मालूम असे.

मनकर्णाबाईनं मळ्यात दुसरी विहीर काढायचं ठरवलं तेव्हा तिनंही पानाड्यालाच बोलावलं.

"अवो, मी घरात हाये नं," जानराव म्हणाला.

"तुमी म्हंता मालूम नाई. मजूर काय 'मालूम नाई'वर खंदतीन?"

पानाड्यानं सांगितलेल्या जागी सात हातांवर काळा खडक लागला. मजूर निघून जायला लागले. जानराव आत उतरला, खडकावरून हात फिरवला, दोन जागी घण मारून आवाज ऐकला आणि वर येऊन म्हणाला, अजून चार हात खणा, मले वाटते. चारच्या जागी नऊ हात खणावं लागलं. पाणी लागलं, जरासं मचूळ. वांग्यांना चाललं, पिण्याला नाही.

पानाड्याला मनकर्णाबाईनं धोतर आणि नारळ दिला. जानरावानं ते धोतर स्वतः बाजारातून निवडून आणलं होतं, आणि चांगलं जाड आणलं होतं. पानाड्या नसता तर मजुरांनी पहिली कुदळही मारली नसती, एवढं त्याला पक्कं मालूम होतं.